शब्बाथ शाळेतून उपासनेकडे : मुलांना मंडळीत काम देताना

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमची मंडळी, म्हणजे ख्रिस्ती उपासकांचा समुदाय, आहे. तिची मुळे अमेरिकन मराठी मिशनच्या कामात आहेत आणि १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा ती आज भाग आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षिका आहे. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीने शब्बाथ शाळेची, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांची, जबाबदारी माझ्याकडे सोपवली, तेव्हा हॉलच्या किल्लीबरोबर जुन्या हजेरीपुस्तकांचा एक गठ्ठाही माझ्याकडे आला. पटावरची नावे पुष्कळ काही सांगतात हे नोकरीमुळे मला ठाऊक होते, म्हणून ती हजेरीपुस्तके मी बारकाईने वाचली. बालवाडीपासून सहावी-सातवीपर्यंत नावे ठळकपणे टिकलेली होती. आठवीपासून ती विरळ होत जात आणि दहावीच्या वर्षी जवळजवळ नाहीशी होत. ही मुले मोठी झाल्यावर मोठ्यांच्या उपासनेत येऊन बसू लागली असतील असे म्हणावे, तर तिथेही ती दिसत नव्हती.

आमच्याकडे शब्बाथ शाळा आणि मुख्य उपासना एकाच वेळी चालत असत. मोठी माणसे मंदिरात, म्हणजे चर्चच्या इमारतीत, मुले मागच्या हॉलमध्ये. मोठ्यांना शांतपणे उपदेश ऐकता यावा आणि मुलांना त्यांच्या वयाचे शिक्षण मिळावे, असा त्यामागे चांगलाच हेतू होता. पण त्याचा परिणाम असा झाला की चौथ्या वर्षापासून तेराव्या वर्षापर्यंत मुलाने संपूर्ण उपासना एकदाही पाहिलेली नसे. पापांगीकार केव्हा होतो, स्तोत्र कसे आळीपाळीने वाचतात, प्रभुभोजनाच्या वेळी माणसे पुढे का जातात, यांतले त्याला काहीच ठाऊक नसे. मग एका रविवारी त्याला सांगितले जाई की आता तू मोठा झालास, आता मंदिरात बस. ज्या घरात आपण कधी पाऊल टाकले नाही अशा परक्याच्या घरी जाऊन गप्प बसावे, तसे ते त्याला वाटत असले पाहिजे.

मंडळीतील वडीलधाऱ्यांना विचारले की ते मोबाइल, रविवारच्या शिकवण्या आणि क्रिकेट ही कारणे सांगत. ती खोटी नव्हती. दहावीच्या मुलांचे जादा तास खरोखरच रविवारी सकाळी असतात आणि त्यासाठी पालकांनी फी भरलेली असते. तरीही एवढ्यावर माझे समाधान झाले नाही. म्हणून मी सुट्टीच्या दिवशी घरोघरी जाऊ लागले. दारात सलाम झाला, चहा झाला, की मी आईवडिलांऐवजी मुलांशी बोलत असे. आठवीतल्या एका मुलाने मला जे सांगितले ते माझ्या मनात घट्ट बसले. तो म्हणाला, "बाई, शब्बाथ शाळेत आता सगळं लहान मुलांचं असतं आणि चर्चमध्ये सगळं मोठ्यांचं असतं. आम्ही तिथे येऊन करायचं काय?" त्याच्या प्रश्नात तक्रारीचा सूर नव्हता. तो खरोखरच काम विचारत होता, आणि पुढे आम्ही जे काही केले ते त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी केले.

सुरुवात मात्र उपासनेपासून झाली नाही, ती वाचनापासून झाली. मोठ्या मुलांना रविवारचा शास्त्रपाठ वाचायला द्यावा असे मी योजले आणि सरावासाठी त्यांना बोलावले. तेव्हा असे दिसले की निम्म्याहून अधिक मुलांना देवनागरीतला पवित्र शास्त्राचा उतारा सलग वाचता येत नाही. ही मुले इंग्रजी माध्यमात शिकणारी होती. घरी ती मराठी बोलत, आजीबरोबर मराठी गीते तोंडपाठ म्हणत, पण छापील ओळ समोर आली की जोडाक्षरापाशी अडखळत. कफर्णहूम, गनेसरेत, नबुखद्नेस्सर ही नावे तर बाजूलाच राहिली, "प्रायश्चित्त" आणि "आज्ञापत्र" हेही त्यांच्या जिभेवर बसेना. उपासना संगीत हे गीतपुस्तक हातात असूनही ती पुस्तकाकडे न पाहता शेजारच्याच्या ओठांकडे पाहून का गातात, याचा उलगडा मला तेव्हा झाला.

शब्बाथ शाळेचा इतिहास मला अशा वेळी फार आधाराचा वाटतो. इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे १७८० साली रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्र-संपादकाने जी रविवारची शाळा सुरू करवली, ती कारखान्यांत राबणाऱ्या मुलांसाठी होती. आठवड्याचे सहा दिवस कामात जात असल्याने शिकायला त्यांना रविवारच तेवढा मोकळा मिळे, आणि त्या दिवशी त्यांना पवित्र शास्त्राच्या आधारे वाचायला शिकवले जाई. म्हणजे अक्षरज्ञान हे शब्बाथ शाळेचे पहिले काम होते. आमच्या भागातही हीच वाट दिसते. अमेरिकन मराठी मिशनच्या शिक्षिका सिंथिया फरार १८२७ साली मुंबईत आल्या आणि पुढे अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. १८४२ साली अहमदनगरहून 'ज्ञानोदय' हे मिशनचे नियतकालिक निघू लागले. आणि त्याच शतकात मिशनने मुलांसाठी 'बालबोधमेवा' हे मासिक काढले. ज्यांच्या पूर्वजांना लिहिण्यावाचण्याची दारे बंद होती अशा घरांत पुस्तक आले ते या मार्गाने. त्या घरांतल्या मुलांना आज आपल्याच उपासनेचे पुस्तक वाचता येऊ नये, ही गोष्ट मला फार लागली.

म्हणून शब्बाथ शाळेचा पहिला अर्धा तास आम्ही वाचनाला दिला. त्यासाठी मार्कचे शुभवर्तमान घेतले, कारण ते चार शुभवर्तमानांत सर्वांत लहान, म्हणजे सोळा अध्यायांचे आहे, आणि त्यात घटना इतक्या वेगाने घडतात की पुढे काय झाले हे कळण्यासाठी मुले स्वतःहून ओळ ओढत नेतात. उतारे मी मोठ्या टाइपात छापून घेतले आणि अवघड नावे आधी फळ्यावर फोडून लिहिली. मग मुलांच्या जोड्या लावल्या : एक इंग्रजी माध्यमातील, एक मराठी माध्यमातील. या जोड्यांमुळे एक गोष्ट घडली, जिची मी मोठी आशा धरली नव्हती. आमच्या मंडळीत इंग्रजी शाळेत जाणारी मुले बहुतेक नोकरदारांची आहेत आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत येणारी मुले बहुतेक शेतमजुरांची आणि ऊसतोड कामगारांची आहेत. एरवी हॉलमध्येही ती वेगवेगळी बसत. आता शेतमजुराची मुलगी ग्रामसेवकाच्या मुलाला "ज्ञ" कसा वाचायचा ते दाखवू लागली. तिचा आवाज महिन्याभरात बदलला. पूर्वी ती उत्तर येत असूनही खाली मान घालून बसत असे, आता ती समोरच्याला थांबवून सांगू लागली, "परत वाच, विरामचिन्ह सोडलंस तू."

वाचन बऱ्यापैकी बसल्यावर मी पास्टोरेट कमिटीपुढे मुख्य प्रस्ताव ठेवला. मुलांनी उपासनेच्या आरंभापासून मंदिरात बसावे. आरंभीचे गीत, स्तोत्र, पापांगीकार आणि शास्त्रपाठ त्यांनी मोठ्यांबरोबर करावे. उपदेशाच्या वेळी त्यांनी हॉलमध्ये जाऊन आपला पाठ घ्यावा आणि शेवटच्या गीताला व आशीर्वादाला पुन्हा मंदिरात यावे. शिवाय दर रविवारी उपासनेतील काही ठरावीक कामे मुलांकडे असावीत. या प्रस्तावावर पुष्कळ चर्चा झाली. गोंगाट होईल, ये-जा करताना उपासनेचे गांभीर्य जाईल, लहान मुले दानपिशवी फिरवताना पैसे सांडतील, असे आक्षेप आले. एक वृद्ध सभासद, ज्यांचा मला फार आदर आहे, ते म्हणाले, "बाई, मंदिर हे प्रार्थनेचं घर आहे. तिथे शिस्त पाहिजे." मी त्यांना म्हटले, "दादासाहेब, शिस्त मुले तिथे बसूनच शिकतील. बाहेर ठेवून ती कशी शिकणार?"

माझ्या बोलण्यापेक्षा पाळकसाहेबांनी काढलेल्या शास्त्रवचनांचा प्रभाव अधिक पडला. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडणाची आज्ञा देताना असे गृहीत धरले आहे की मुले जवळच असतील, ती हा विधी पाहतील आणि याचा अर्थ काय असे विचारतील. मग वडिलांनी त्यांना मिसरातून सुटका कशी झाली ते सांगावे. मूल विधीला हजर नसेल तर ते विचारणार कसे, असे पाळकसाहेबांनी विचारले. पुढे ते म्हणाले की शिष्य मुलांना दूर सारत होते तेव्हा प्रभूला राग आला असे मार्कने स्पष्ट लिहिले आहे, आणि त्या शिष्यांचा हेतूही गुरूला त्रास होऊ नये हाच असणार. त्यानंतर सभेत थोडा वेळ कोणी बोलले नाही. प्रस्ताव प्रायोगिक म्हणून मान्य झाला.

मुलांना काम देण्याचा विचार पवित्र शास्त्रात किती ठिकाणी येतो, हे मला स्वतःला या निमित्ताने नव्याने दिसले. बालक शमुवेल वृद्ध याजक एलीजवळ मंदिरात सेवा करतो आणि परमेश्वराची हाक एलीच्या आधी त्याला ऐकू येते. सेनापती नामानाला बरे होण्याची वाट दाखवते ती त्याच्या घरी दासी म्हणून आणलेली एक लहान मुलगी. पाच हजारांना जेवण मिळते ते एका मुलाजवळच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्यांतून. प्रेषित पौलाला ठार मारण्याचा कट कळतो तो त्याच्या भाच्याला, आणि तोच गढीत जाऊन बातमी देतो. शमुवेल सोडला तर या मुलांची नावे आपल्याला कळत नाहीत, पण त्यांच्यावाचून ती कथा पुढे जात नाही. त्या वर्षी शब्बाथ शाळेचा अभ्यासक्रम आम्ही याच मुलांवर बेतला, आणि प्रत्येक पाठाच्या शेवटी एकच प्रश्न ठेवला : या मुलाने काय केले?

प्रत्यक्ष उपासनेत काय झाले ते सांगते. शास्त्रपाठ वाचणाऱ्या मुलांचा सराव शनिवारी संध्याकाळी रिकाम्या मंदिरात होत असे. मी शेवटच्या बाकावर बसे आणि शब्द मला ऐकू आला नाही तर हात वर करी. उंची पुरावी म्हणून वाचनपीठाजवळ एक लाकडी पाट ठेवला. पहिला मोठा पाठ शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायाचा होता आणि तो तिघांनी मिळून वाचला : एक निवेदक, एक एली आणि एक शमुवेल. नाटकी हावभाव करू नयेत, फक्त नीट वाचावे, असे मी सांगितले होते. शमुवेल वाचणारी मुलगी सहावीतली होती. तिसऱ्या हाकेनंतरचे उत्तर तिने इतके सावकाश आणि स्पष्ट वाचले की पुढच्या रांगांतल्या माणसांनी पुस्तकातून डोके वर काढले. उपासना संपल्यावर तेच दादासाहेब तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "बाळ, पुढच्या रविवारी पण तूच वाच." तिने सांगितले की पुढच्या रविवारी दुसऱ्याचा नंबर आहे. मला तिचे हे उत्तर फार आवडले, कारण काम वाटून घ्यायचे असते हे तिला समजले होते.

वाचनाखेरीज इतर कामे हळूहळू जोडली गेली. घंटा वाजवणे, गीतांचे क्रमांक फळ्यावर लावणे, दारात उभे राहून येणाऱ्यांना सलाम करून गीतपुस्तक देणे, दानपिशव्या फिरवणे. आमच्या भागात उपासनेत पेटी, ढोलकी आणि झांजा असतात, आणि यामागे मोठी परंपरा आहे. नारायण वामन टिळक १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले आणि त्यांनी मराठी मंडळीला भजन आणि कीर्तन यांचे धन दिले. मराठी साहित्यात तर ते फुलामुलांचे कवी म्हणूनच ओळखले जातात. त्यांच्या गीतांच्या चाली ढोलकीवर बसवणारे एक आजोबा आमच्या मंडळीत आहेत. आठवी-नववीतल्या मुलांना आम्ही त्यांच्या हाताखाली दिले. त्यांच्यातला एक मुलगा, ज्याला वाचनात मुळीच गोडी नव्हती, तो आज आजोबांच्या गैरहजेरीत संपूर्ण उपासनेला साथ करतो. कोणत्या गीताला भजनी ठेका आणि कोणत्या गीताला संथ पाश्चात्त्य चाल हे त्याला मोठ्यांहून चांगले कळते.

मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या, प्रार्थना मुलांनी लिहाव्यात, असा विचार नाताळाआधीच्या आगमनकालात पुढे आला. मी त्यांना नमुना दिला नाही. आपल्या घरासाठी, गावासाठी आणि आजाऱ्यांसाठी एकेक वाक्य लिहा, एवढेच सांगितले. त्यांनी जे लिहून आणले ते वाचताना मी फार हलले. एका मुलाने कांद्याला भाव मिळावा म्हणून प्रार्थना लिहिली होती. एकीने बाबांचे पिणे सुटावे असे लिहून ते खोडले होते आणि त्याऐवजी "आमच्या घरात शांती असू दे" असे लिहिले होते. एकाने, ज्यांचे आईवडील ऊसतोडीला गेले आहेत त्यांना थंडीत कोपीवर, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या झोपडीत, ऊब मिळावी, असे लिहिले होते. यातल्या घरगुती गोष्टी जाहीर होऊ नयेत म्हणून मी प्रत्येक मुलाशी वेगळे बोलले आणि जे ते स्वतः वाचू इच्छितात तेवढेच उपासनेत घेतले. कांद्याच्या प्रार्थनेला मात्र सगळ्या मंडळीने जे "आमेन" म्हटले, तसे मोठ्याने म्हटलेले आमेन मी त्या मंदिरात क्वचितच ऐकले आहे.

ऊसतोड कामगारांच्या मुलांचा प्रश्न वेगळा लिहायला हवा, कारण नेहमीच्या शब्बाथ शाळेच्या पद्धतीत ही मुले नेमकी गळून जातात. हंगाम सुरू झाला की कुटुंबे कारखान्याच्या भागात जातात आणि हंगाम संपेपर्यंत परत येत नाहीत. आमच्याकडे वर्षाच्या शेवटी नियमित हजेरीची आणि पाठांतराची बक्षिसे देण्याची प्रथा होती. ती बक्षिसे दरवर्षी त्याच घरांत जात, आणि जी मुले आईवडिलांमागे फडात असत त्यांचे नाव हजेरीपुस्तकात लाल शाईने भरून निघे. मला वाटते, मुलाच्या हाती नसलेल्या गोष्टीसाठी देवाच्या घरात त्याला उणे ठरवणे योग्य नव्हे. कमिटीच्या संमतीने आम्ही हजेरीची बक्षिसे बंद केली. त्याऐवजी जाणाऱ्या मुलांना निघण्याच्या आधीच्या रविवारी उपासनेत पुढे बोलावून त्यांच्यासाठी प्रार्थना केली जाते, मार्कच्या शुभवर्तमानाची पुस्तिका दिली जाते आणि इथे राहिलेली मुले आठवड्याचा पाठ वाचून त्याचे ध्वनिमुद्रण त्यांच्या आईवडिलांच्या फोनवर पाठवतात. कोपीवरून कधीकधी उत्तरही येते : बहीणभावंडांनी मिळून गायलेले गीत, मागे बैलांच्या घंटांचा आवाज. ते आम्ही रविवारी हॉलमध्ये सर्वांना ऐकवतो.

हंगामाच्या सणाला तर मुलांनी मंडळीला चकित केले. या सणाला लोक आपल्या शेतातील पहिले पीक, बाजरी, ज्वारी, भाज्या, अंडी, कोंबड्या देवाला अर्पण म्हणून आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. ज्यांच्याकडे शेत नाही त्यांची मुले पूर्वी केवळ पाहत उभी राहत. त्या वर्षी शब्बाथ शाळेने मंदिराच्या मागच्या पडीक तुकड्यात मेथी आणि कोथिंबीर लावली. वाफे मुलांनी केले, पाण्याच्या पाळ्या लावल्या, आणि सणाच्या सकाळी जुड्या बांधून स्वतः अर्पण केल्या. लिलावाचे हिशेब नववीतल्या दोन मुलींनी लिहिले आणि खजिनदारांनी ते तपासून त्यावर सही केली. लिलावातून आलेली रक्कम कशासाठी वापरावी हे मुलांना विचारावे, असे खजिनदारांनीच सुचवले. मुलांनी लहान वर्गासाठी सतरंजी मागितली.

सुट्टीतील शास्त्रशाळेचा, म्हणजे सगळे ज्याला व्हीबीएस म्हणतात तिचा अनुभव संमिश्र आहे. मे महिन्यात उन्हे चढण्याआधी, सकाळी लवकर वर्ग भरतात. हावभावांची गीते, हस्तकला, खाऊ यांमुळे हॉल भरून जातो. परंतु केवळ त्या गर्दीवरून मुले मंडळीत रमली असे मानणे मला पटत नाही. समारोपाचा कार्यक्रम झाला की पुढच्या रविवारी तीच मुले दिसत नाहीत, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून आता व्हीबीएसच्या शेवटच्या दिवशी समारोप न ठेवता तो त्यानंतरच्या रविवारच्या उपासनेत ठेवतो, आणि तिथे मुले शिकलेले गीत व पाठ मंडळीपुढे सादर करतात. शेजारच्या वस्तीतली इतर धर्मांची मुलेही या वर्गांना येऊ पाहतात. त्यांच्या आईवडिलांना मी स्वतः भेटते, तिथे पवित्र शास्त्रातील गोष्टी आणि ख्रिस्ती गीते शिकवली जातात हे स्पष्ट सांगते आणि त्यांची लेखी संमती घेतल्यावरच मुलाला बसवते. काही पालकांनी नकार दिला आणि आम्ही तो आदराने मान्य केला. शेजाऱ्यांशी आमचे संबंध यामुळे अधिक मोकळे झाले आहेत.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियम करताना मला सर्वांत जास्त समजूत घालावी लागली. आपल्यातलीच माणसे आहेत, नियम कशाला, असे अनेकांना मनापासून वाटत होते. मी शाळेत काम करत असल्यामुळे २०१२ चा पॉक्सो कायदा मला माहीत होता. लहान मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना देणे त्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि मंडळीने आपसात मिटवण्याला तिथे जागा नाही, हे मी कमिटीत वाचून दाखवले. त्यानंतर नियम लिहून भिंतीवर लावले. कोणत्याही वर्गात किमान दोन प्रौढ असतील. वर्गाचे दार उघडे राहील. कोणीही मुलाला एकट्याने घरी किंवा गाडीवर नेणार नाही. पालकांच्या परवानगीवाचून मुलांची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर जाणार नाहीत. मुलाने काही सांगितले तर ते कोणापाशी सांगायचे, त्या दोन व्यक्तींची नावे मुलांनाही ठाऊक असतील, आणि त्यांतील एक स्त्री असेल. या कामात मी तडजोड केली नाही आणि कोणत्याही मंडळीने करू नये, असे माझे ठाम मत आहे.

दोन प्रौढांचा नियम केल्यावर शिक्षक कमी पडू लागले, आणि त्यातून एक चांगली गोष्ट निघाली. तोवर शब्बाथ शाळा ही महाविद्यालयात जाणाऱ्या मुलींनी लग्न होईपर्यंत करायची सेवा आहे, असेच सगळे धरून चालत. आता एक एसटी वाहक, ग्रामीण रुग्णालयातील एक परिचारिका आणि एक शेतकरी असे तिघे पुढे आले. त्यांना शिकवण्याचे प्रशिक्षण नव्हते. शनिवारी संध्याकाळी आम्ही एकत्र बसून दुसऱ्या दिवशीचा पाठ वाचतो, मुलांना कोणते प्रश्न विचारायचे ते ठरवतो आणि कोणते प्रश्न मुले आपल्याला विचारतील याचाही विचार करतो. शेतकरी दादांनी पेरणाऱ्याचा दाखला शिकवला तेव्हा ते मुलांना थेट बांधावर घेऊन गेले. वाटेवर पडलेले बी, खडकाळ जागेवरचे बी, काटेरी झुडपांतले बी त्यांनी मुलांकडून शोधून घेतले. मग पाऊस नसताना चांगल्या जमिनीतले बी का उगवत नाही, असे एका मुलीने विचारले. दादांनी लगेच उत्तर दिले नाही. "याचा मी विचार करतो आणि पुढच्या रविवारी सांगतो," असे ते म्हणाले आणि खरोखरच पाळकसाहेबांशी बोलून पुढच्या रविवारी त्यांनी त्यावर चर्चा घेतली. मुलांच्या प्रश्नाला मोठ्या माणसाने आठवडाभर वेळ द्यावा, याचा त्या वर्गावर झालेला परिणाम मी पाहिला आहे.

गोंगाट होईल ही भीती काही अंशी खरी ठरली. पहिल्या काही महिन्यांत लहान मुले मध्येच उठत, पाणी मागत, गीत संपल्यावरही टाळ्या वाजवत. मागच्या बाकांवर आजी-आजोबांजवळ त्यांना विभागून बसवल्यावर बरेच शांत झाले. प्रत्येक लहान मुलाला स्वतःच्या घरचे नसलेले एक आजी किंवा आजोबा नेमून दिले, आणि त्या म्हाताऱ्या माणसांनी ते काम इतक्या आनंदाने घेतले की एखादे मूल न आल्यास आता तीच चौकशी करायला त्याच्या घरी जातात. ज्यांची मुले पुण्या-मुंबईला असतात आणि जी घरे एरवी सुनी असतात, अशा घरांचा यात मोठा वाटा आहे.

आठवीपासूनची नावे आता पटावर टिकू लागली आहेत. सगळी टिकली असे मी म्हणणार नाही. दहावीच्या वर्षी शिकवणीला जाणारी मुले अजूनही दोन रविवारांआड येतात, आणि त्यांच्यासाठी कामाची पाळी त्यांच्या सोयीने लावतो. ज्या मुलाने मला पहिला प्रश्न विचारला होता, त्याच्या वर्गातली बरीच मुले कन्फर्मेशनच्या, म्हणजे आपला विश्वास मंडळीपुढे जाहीर करण्याच्या तयारीच्या, वर्गाला बसली आणि पाळकसाहेबांनी त्यांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांनी पाठ न करता स्वतःच्या शब्दांत दिली.

बारावीनंतर शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्याला जाणाऱ्या मुलांचा प्रश्न सध्या आमच्यापुढे आहे. तिथल्या मंडळ्या मोठ्या आहेत, अनेक ठिकाणी उपासना इंग्रजीत असते, आणि वसतिगृहात राहणारे मूल त्या गर्दीत कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून जाणाऱ्या प्रत्येक मुलामागोमाग पाळकसाहेब तिथल्या पाळकांना पत्र पाठवू लागले आहेत. त्यात मुलाच्या चांगल्या वर्तणुकीचा दाखला असतोच, पण त्याखाली आम्ही आग्रहाने आणखी एक ओळ घालून घेतली आहे : हा मुलगा ढोलकी वाजवतो, किंवा ही मुलगी शास्त्रपाठ वाचते, कृपया हिला काम द्यावे. गेल्या जूनमध्ये अशी पत्रे घेऊन गेलेल्यांपैकी दोघांना तिथे काम मिळाले आहे, तिघांकडून अजून काही कळलेले नाही, आणि त्या तिन्ही मंडळ्यांना मी या आठवड्यात फोन करणार आहे.